गूगल अर्थ प्रो: खुणा गायब, गोल काळा, ठिकाणं सरकलेली – पावसाळ्यात पुन्हा पुन्हा येणाऱ्या अडचणींवर उपाय

गूगल अर्थ प्रोमधली ‘माय प्लेसेस’ची यादी, म्हणजे तुम्ही नकाशावर घातलेल्या खुणांची यादी, अचानक रिकामी दिसत असेल तर कशालाही हात लावण्याआधी एक गोष्ट करा. प्रोग्राम बंद असेल तर तो पुन्हा उघडू नका. उघडा असेल तर लगेच बंद करू नका. खाली सांगितलेल्या फोल्डरात जाऊन दोन फाइलींची नक्कल दुसरीकडे काढा, मग पुढचं वाचा. अन-इन्स्टॉल करून पुन्हा टाकण्याचा विचार तर आत्ता बिलकूल नको.

एवढ्या घाईनं हे सांगण्याचं कारण आहे. गोव्यात खाजनाचे (भरतीच्या पाण्यालगतच्या खाऱ्या सखल शेतांचे) बांध, मानशी (बांधातली पाणी सोडण्या-अडवण्याची दारं), सत्तरीतल्या देवराया, गावातल्या तळ्या आणि झरी यांच्या नोंदी गूगल अर्थवर करणारे बरेच जण आता झाले आहेत. शाळांचे गट आहेत, पंचायतीच्या जैवविविधता नोंदवहीसाठी राबणारी माणसं आहेत, स्वतःच्या हौसेनं करणारेही आहेत. या खुणांमधली पुष्कळ नावं गावातल्या एखाद्या जाणत्यानं बांधावर उभं राहून सांगितलेली असतात. अमुक मानस कुणाच्या नावाची, तमुक बांधाला काय म्हणतात, हे छापील नकाशात सहसा सापडत नाही. असा जाणता माणूस पुन्हा भेटेलच याची खात्री नसते. म्हणून ती यादी जाणं मला साधी तांत्रिक गैरसोय वाटत नाही.

जून उजाडला की तक्रारी सुरू होतात आणि प्रत्येक जण म्हणतो, ‘अपडेट आलं आणि सगळं गेलं.’ खरं पाहता इथे तीन वेगळ्या अडचणी एकमेकींत मिसळलेल्या असतात. यादी रिकामी होते ती बहुतेक वेळा वीज गेल्यामुळे. पडद्यावरचा पृथ्वीचा गोल काळा पडतो तो ग्राफिक्समुळे, आणि तेवढ्यापुरता अपडेटचा संबंध असू शकतो. खुणा सरकल्यासारख्या दिसतात त्या खालचं उपग्रहचित्र बदलल्यामुळे. एका अडचणीचा उपाय दुसरीवर केला तर नुकसान वाढतं, आणि सर्वांत जास्त नुकसान पहिल्या अडचणीत होतं. म्हणून तिच्यावर जरा सविस्तर.

यादी रिकामी झाली असेल तर

तुमच्या खुणा प्रोग्रामच्या आत नसतात आणि इंटरनेटवरही नसतात. त्या तुमच्याच कॉम्प्युटरवर ‘मायप्लेसेस डॉट केएमएल’ नावाच्या एका मजकूर फाइलीत असतात. विंडोजवर ती फाइल अशी गाठायची: विंडोजची कळ आणि ‘आर’ एकत्र दाबा, आलेल्या चौकटीत दोन टक्केचिन्हांच्या मध्ये ‘यूजरप्रोफाइल’ असं इंग्रजीत लिहा आणि एंटर करा. उघडलेल्या फोल्डरात ‘अ‍ॅपडेटा’, त्यात ‘लोकललो’, त्यात ‘गूगल’, त्यात ‘गूगलअर्थ’. ‘अ‍ॅपडेटा’ दिसत नसेल तर तो लपवलेला असतो. वरच्या ‘व्ह्यू’मधून लपलेल्या वस्तू दाखवण्याची खूण चालू करा. मॅकवर हीच फाइल वापरकर्त्याच्या लायब्ररीत ‘अ‍ॅप्लिकेशन सपोर्ट’मधल्या ‘गूगल अर्थ’ फोल्डरात असते. लिनक्सवर ती होम फोल्डरातल्या लपलेल्या ‘डॉट गूगलअर्थ’मध्ये मिळते.

तिथे मूळ फाइलीच्या शेजारी ‘मायप्लेसेस डॉट बॅकअप डॉट केएमएल’ ही दुसरी फाइल असते. ती आधीच्या जतनाची प्रत. दोन्ही फाइली उचलून डेस्कटॉपवर किंवा पेनड्राइव्हवर एका नव्या फोल्डरात ठेवा. त्या नकलांवरच काम करायचं, मूळ फाइलींवर नाही.

घाई का, ते सांगतो. फाइल लिहिली जात असतानाच वीज गेली तर ती अर्धवट राहते. पुढच्या वेळी प्रोग्रामला ती वाचता येत नाही आणि तो रिकामी यादी घेऊन उघडतो. तुम्ही घाबरून प्रोग्राम बंद करता. बंद होताना तो ही रिकामी यादी नवी ‘मायप्लेसेस’ म्हणून लिहितो. हे चक्र आणखी एकदोनदा फिरलं की चांगली प्रत बॅकअपच्या जागेवरूनही ढकलली जाते. वीज जाण्यानं झालेलं नुकसान बऱ्याचदा भरून काढता येतं. नंतर ‘आता तरी दिसतंय का’ म्हणून केलेल्या उघडझापीनं झालेलं नुकसान भरून काढणं कठीण होऊन बसतं.

आता नकलांचा आकार बघा. शेकडो खुणांची फाइल काहीशे केबी किंवा त्याहून मोठी असते, रिकामी फाइल जेमतेम एखाद्या केबीची. बॅकअपची फाइल मोठी दिसली तर काम सोपं आहे. प्रोग्राम पूर्ण बंद करा, गूगलअर्थ फोल्डरातली छोटी ‘मायप्लेसेस’ दुसऱ्या नावानं ठेवा, बॅकअपच्या नकलेला ‘मायप्लेसेस डॉट केएमएल’ हे नाव द्या आणि तिथे टाका. मगच प्रोग्राम उघडा.

दोन्ही फाइली मोठ्या असूनही यादी रिकामी दिसते, असंही होतं. म्हणजे मजकूर आहे, पण शेवट तुटलेला आहे. केएमएल हा साधा खुणांकित मजकूर आहे. २००८ साली ओपन जिओस्पेशियल कन्सॉर्शियमनं त्याला खुलं मानक म्हणून मान्यता दिली, त्यामुळे तो वाचायला गूगलचाच प्रोग्राम लागतो असं नाही. नकलेची फाइल नोटपॅडमध्ये उघडा आणि थेट तळाशी जा. धड फाइलीचा शेवट ‘केएमएल’ या बंद होणाऱ्या टॅगनं (कोनी कंसातल्या चिन्हानं) होतो. तुटलेल्या फाइलीचा शेवट एखाद्या नावाच्या किंवा आकड्याच्या मध्येच होतो. मग वर सरकत जाऊन शेवटची पूर्ण ‘प्लेसमार्क’ (म्हणजे तुमची एक खूण) कुठे बंद झाली आहे ते शोधा. तिच्यानंतरचा तुटका मजकूर काढून टाका. त्या जागी जितके फोल्डर उघडे राहिले असतील तितके बंद-फोल्डर टॅग, त्यानंतर बंद-डॉक्युमेंट, त्यानंतर बंद-केएमएल लिहा. हे टॅग कसे लिहायचे ते त्याच फाइलीत वर जागोजागी दिसेल. तिथून जसेच्या तसे उतरवा, छोटी-मोठी लिपीसुद्धा तशीच ठेवा. शेवटची एखादी खूण जाईल, बाकीच्या परत येतील.

जतन करताना एक सांभाळा. खुणांची नावं मराठीत असतील, तर ‘सेव्ह अ‍ॅज’च्या चौकटीत तळाशी एन्कोडिंग ‘यूटीएफ-८’ आहे ना ते बघा. विंडोज १० च्या १९०३ आवृत्तीपासून नोटपॅड आपणहून तेच निवडतं, पण शाळांच्या प्रयोगशाळेत अजून जुनी विंडोज असलेली यंत्रं आहेत. तिथे चुकून ‘अ‍ॅन्सी’मध्ये जतन केलं तर देवनागरी नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं उरतात, आणि त्यांवरून मूळ नावं परत मिळवता येत नाहीत.

आकार लहान, बॅकअपही लहान, असं असेल तर आणखी दोन शक्यता तपासा. पहिली म्हणजे वापरकर्ता बदलला आहे का. विंडोजमध्ये दुसऱ्या नावानं लॉग-इन केलं तर ‘माय प्लेसेस’ वेगळी असते. सामायिक यंत्रावर ‘यादी गेली’ म्हणणाऱ्याची यादी शेजारच्या खात्यात सुखरूप असू शकते. दुसरी म्हणजे विंडोजची ‘फाइल हिस्टरी’ चालू होती का. चालू असेल तर त्या फोल्डरावर उजवं बटण दाबून आधीच्या प्रती मिळतात का ते बघा.

आणि एक कारण असं आहे की ज्यात काहीच बिघडलेलं नसतं. मोबाइलवरून किंवा जीपीएसवरून आलेली केएमएल फाइल दोनदा टिचकी मारून उघडली की तिच्यातल्या खुणा ‘माय प्लेसेस’मध्ये जात नाहीत. त्या खाली ‘टेम्पररी प्लेसेस’मध्ये बसतात. प्रोग्राम नीट बंद करताना ‘या जतन करू का’ असा प्रश्न येतो. वीज गेली तर तो प्रश्न विचारायला कुणी उरत नाही आणि त्या खुणा जातात. मूळ फाइल मोबाइलवर असेल तर ती पुन्हा उघडा. तिच्यावर नंतर केलेल्या दुरुस्त्या मात्र पुन्हा कराव्या लागतात.

पुन्हा असं होऊ नये म्हणून

माझं मत स्पष्ट आहे: ‘माय प्लेसेस’ला गोदाम करू नका. प्रत्येक गावाचा एक फोल्डर करा, त्यावर उजवं बटण दाबून ‘सेव्ह प्लेस अ‍ॅज’ घ्या आणि केएमझेड (केएमएलचा एकत्र बांधलेला गठ्ठा) म्हणून डॉक्युमेंट्समध्ये ठेवा. ‘चोडण-बांध’, ‘दिवाडी-मानशी’ अशी वेगवेगळी फाइल. काम करायचं त्या दिवशी ती उघडायची. फाइल उघडून केलेल्या दुरुस्त्या आपोआप तिच्यात परत जात नाहीत, त्यामुळे उठण्याआधी त्याच नावानं पुन्हा ‘सेव्ह प्लेस अ‍ॅज’ करायचं. नावात तारीख घातलीत तर जुनी प्रत पुसली जाणार नाही. ‘दिवाडी-मानशी-२०२५-०६-१४’ असं नाव लांब वाटतं, पण यादीत ओळीनं लागतं.

एवढं करूनही ‘माय प्लेसेस’ वापरणार असाल तर ‘फाइल’ मेन्यूत ‘सेव्ह’खाली ‘सेव्ह माय प्लेसेस’ आहे. काही खुणा घातल्या की ते दाबायची सवय लावा. डेस्कटॉप कॉम्प्युटर असेल तर पावसाळ्यात यूपीएसशिवाय नोंदी घालायला बसू नये. आकाश भरून आलं आणि लखलख सुरू झाली की हातातलं काम जतन करा आणि प्रोग्राम नीट बंद करा.

गोल काळा, निळा किंवा अर्धवट

आधी नीट बघा काय दिसत नाही. चित्राची सगळी चौकट काळी असेल, दिशा दाखवणारं चक्रही नसेल, पण मेन्यू चालत असतील, तर तो ग्राफिक्सचा दोष समजा. चक्र दिसतं, तुमच्या खुणा तरंगताना दिसतात, पण खाली जमिनीचं चित्रच नाही, तर बहुधा इंटरनेट किंवा कॅशचा (आधी बघितलेल्या चित्रांच्या डिस्कवरच्या साठ्याचा) घोळ आहे.

ग्राफिक्ससाठी ‘हेल्प’ मेन्यूत ‘लाँच रिपेअर टूल’ आहे. ती चौकट उघडी ठेवून मूळ प्रोग्राम बंद करायचा आणि मग चौकटीतली बटणं वापरायची. त्यात डायरेक्टएक्स आणि ओपनजीएल यांच्यात अदलाबदल करण्याचं बटण असतं. पडदा काळा पडणाऱ्या यंत्रांवर माझा पहिला हात त्याच बटणावर जातो. ‘टूल्स’मधल्या ‘ऑप्शन्स’मध्ये ‘थ्रीडी व्ह्यू’ या पानावरही हाच पर्याय ‘ग्राफिक्स मोड’ म्हणून मिळतो आणि शेजारी ‘सेफ मोड’ची चौकट असते. त्यानंही भागलं नाही तर वातावरणाचा परिणाम बंद करून बघा.

गूगल अर्थ प्रो विंडोजवर गुपचूप अद्ययावत होतं, तसंच विंडोजही होतं, आणि विंडोजच्या अपडेटबरोबर ग्राफिक्सचा ड्रायव्हरही बदलू शकतो. दोन्ही एकाच आठवड्यात झालं की दोष दिसायला गूगल अर्थचा वाटतो. म्हणून ‘हेल्प’मधल्या ‘अबाउट’मध्ये आवृत्ती बघा आणि एका वहीत तारखेसह लिहून ठेवा. आवृत्ती तीच असूनही गोल काळा पडला, तर ड्रायव्हरकडे वळा: यंत्र किंवा ग्राफिक्स कार्ड बनवणाऱ्याच्या संकेतस्थळावरून ताजा ड्रायव्हर घ्या. दोन ग्राफिक्स असलेल्या लॅपटॉपवर विंडोजच्या ‘सेटिंग्ज’मध्ये ‘सिस्टम’, ‘डिस्प्ले’, ‘ग्राफिक्स’ असं जाऊन गूगल अर्थ प्रोला ‘हाय परफॉर्मन्स’ द्या.

कॅशचा घोळ असेल तर ‘ऑप्शन्स’मधल्या ‘कॅश’ पानावरून डिस्कवरची कॅश पुसा. बटण दबत नसेल तर आधी ‘फाइल’ मेन्यूतून ‘सर्व्हर लॉग आउट’ करा. कॅश पुसल्यानं तुमच्या खुणा जात नाहीत, कारण त्या वेगळ्या फाइलीत आहेत. जातात ती साठवलेली चित्रं. सत्तरीत किंवा सांग्याच्या आतल्या गावांत नेटवर्क नसतं म्हणून आदल्या दिवशी घरी तो भाग जवळून बघून चित्रं साठवून नेणारे लोक आहेत, आणि ती युक्ती चांगली आहे. त्यांनी गावात पोचल्यावर कॅश पुसू नये. पुसायची तर घरीच पुसा आणि चित्रं पुन्हा भरून घ्या. या कॅशला २,००० एमबीची मर्यादा आहे, त्यामुळे अख्खा गोवा जवळून साठवण्याचा प्रयत्न करू नका. ज्या वाड्यावर जायचं आहे तेवढाच भाग बघा.

‘सर्व्हरशी जोडणी होत नाही’ असा संदेश येत असेल आणि ब्राउझरही नीट चालत नसेल, तर कॉम्प्युटरची तारीख बघा. जुन्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवरची बटणासारखी बॅटरी संपली असेल तर वीज गेल्यावर घड्याळ वर्षानुवर्षं मागे जातं. तारीख चुकली की सुरक्षित जोडणीचं प्रमाणपत्र अवैध ठरतं आणि जोडणी नाकारली जाते. अशा यंत्रावर लोक प्रोग्राम पुन्हा पुन्हा टाकत राहतात. बॅटरी बदलली आणि तारीख लावली की प्रश्न संपतो.

प्रोग्राम उघडताना लायसन्सची किल्ली मागत असेल तर तुमच्याकडे फार जुनी आवृत्ती आहे. प्रो आवृत्तीला एके काळी वर्षाला ३९९ डॉलर पडायचे. जानेवारी २०१५ मध्ये ती मोफत झाली. पेनड्राइव्हवरून फिरणारे जुने इन्स्टॉलर टाकून द्या आणि ७.३ मालिकेतली आवृत्ती घ्या.

खुणा सरकल्यासारख्या दिसतात

ही तक्रार वरवर किरकोळ वाटते, पण हिच्यातूनच सर्वांत वाईट दुरुस्त्या होतात. काल बांधावर असलेली रेघ आज बांधाच्या बाजूला पाण्यात दिसते. माणूस ती ओढून पुन्हा बांधावर आणतो, एकेक करत सगळ्या खुणा ओढतो. पुढच्या वर्षी चित्र पुन्हा बदलतं आणि मग खूण कुणाच्या मापानं घातली होती हे कुणालाच सांगता येत नाही.

खूण हलत नाही. तिचे अक्षांश-रेखांश फाइलीत लिहिलेले आहेत आणि ते तसेच राहतात. बदलतं ते खालचं चित्र. उपग्रह प्रत्येक वेळी थोड्या वेगळ्या कोनातून टिपतो, आणि ते चित्र जमिनीच्या चढउतारावर बसवताना काही मीटरांचा फरक पडतो. खाजनाच्या सपाटीवर तो कमी जाणवतो, सड्याच्या (कातळी पठाराच्या) कडेला आणि डोंगरउतारावर जास्त. नवं चित्र आलं की फरकाची दिशाही बदलते.

तपासायची रीत अशी. ‘व्ह्यू’मधून ‘हिस्टॉरिकल इमेजरी’ चालू करा. २००९ साली पाचव्या आवृत्तीबरोबर आलेली ही सोय आहे आणि आमच्यासारख्यांच्या कामाची तीच सर्वांत मोलाची. वरच्या पट्टीवर जुन्या तारखांची चित्रं एकामागून एक बघा. देवळाच्या दीपस्तंभाचा पाया, चर्चसमोरचा कुरीस (क्रूस), जुन्या पुलाचं टोक, जेटीचा कोपरा असं न हलणारं काहीतरी निवडा. ते प्रत्येक तारखेच्या चित्रात किती आणि कुठे सरकलेलं दिसतं ते ‘रूलर’नं मोजा. तुमची खूण आणि दीपस्तंभ एकाच दिशेनं तेवढेच सरकलेले दिसले तर खूण बरोबर आहे, तिला हात लावू नका. खुणेच्या वर्णनात एवढंच लिहा: कोणत्या तारखेच्या चित्रावरून घातली, की जीपीएसनं जागेवर घेतली. चित्राची तारीख खालच्या पट्टीत दिसते.

हे चित्र पाहताना भरती-ओहोटी विसरू नका. मांडवी, जुवारी किंवा कुंभारजुव्याच्या काठावर एका चित्रात बांध उघडा दिसतो आणि दुसऱ्यात पाणी त्याच्या कडेला टेकलेलं असतं. पाण्याची रेषा बघून ‘बांध खचला’ असं ठरवू नये. त्यासाठी बांधाच्या आतली जमीन बघावी. शेत कोरडं आणि आखलेलं आहे, की पाणी कायम भरलेलं आहे, की खारफुटी वाढते आहे. फुटलेला बांध बुजवला गेला नाही तर काही वर्षांच्या चित्रांत खारफुटी आत सरकताना दिसते, आणि तो पुरावा पाण्याच्या रेषेपेक्षा भरवशाचा असतो.

आणखी एक चूक गंभीर आहे. पट्टी अगदी डावीकडे ओढली की १९८० च्या दशकातली धूसर चित्रं येतात. ती लँडसॅट उपग्रहांची आहेत. त्यातला एक ठिपका जमिनीवरच्या सुमारे ३० मीटरांएवढा. काही मीटर रुंदीचा मातीचा बांध त्यात दिसणारच नाही. त्या चित्रावर बोट ठेवून ‘तेव्हा इथे बांध नव्हताच’ असं कुणी ग्रामसभेत म्हणालं तर तिथल्या तिथे हे सांगा. पिढ्यान्‌पिढ्या कुळांनी आणि गांवकारांनी राखलेला बांध एका धूसर ठिपक्यावरून पुसला जाऊ नये.

अपडेटनंतर रेघ सरकण्याऐवजी तुकड्यातुकड्यांनी दिसेनाशी झाली असेल तर कारण उंचीचं आहे. जमिनीच्या उंचीची माहितीही अधूनमधून बदलते. रेघ ‘अ‍ॅब्सोल्यूट’ उंचीवर काढलेली असेल तर नव्या जमिनीखाली गाडली जाते. ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘अल्टिट्यूड’च्या पानावर ‘क्लॅम्प्ड टू ग्राउंड’ निवडा, रेघ पुन्हा वर येईल. मात्र तिथे दिसणाऱ्या उंचीच्या आकड्यावर बांधाची उंची ठरवू नका. जगाच्या मोठ्या भागासाठी ही माहिती फेब्रुवारी २००० मधल्या अंतराळयानाच्या रडार मोहिमेवर आधारलेली आहे. तिच्या जाळीत बांधासारखी अरुंद वस्तू सापडत नाही. बांधाची उंची जागेवरच मोजावी लागते.

खूण काही मीटर नव्हे तर चक्क दुसऱ्या तालुक्यात पडली असेल तर अंश-मिनिटांचा गोंधळ शोधा. पणजीचा अक्षांश साधारण १५ अंश ३० मिनिटं, म्हणजे दशांशात १५.५. कुणी तो १५.३० असा लिहिला तर खूण सुमारे २२ किलोमीटर दक्षिणेला, मडगावच्या आसपासच्या अक्षांशावर जाऊन पडते. ‘ऑप्शन्स’मधल्या ‘थ्रीडी व्ह्यू’त अक्षांश-रेखांशाची पद्धत ठरते. गटातल्या सगळ्यांनी एकच ठेवा, माझी पसंती दशांशाला आहे. यूटीएम वापरत असाल तर गोवा ४३ क्रमांकाच्या पट्ट्यात येतो.

जुना सर्व्हे ऑफ इंडियाचा नकाशा स्कॅन करून वर पसरला असेल आणि तो सगळाच एका बाजूला सरकलेला वाटत असेल, तर तोही दोष प्रोग्रामचा नाही. ते जुने नकाशे पृथ्वीचा आकार धरण्याच्या जुन्या मापावर, एव्हरेस्ट लंबगोलावर, मोजलेले आहेत आणि गूगल अर्थ डब्ल्यूजीएस ८४ हे वेगळं माप वापरतं. नकाशावरचे आकडे जसेच्या तसे टाकले की फरक ठळक दिसतो. क्यूजीआयएस या नकाशांच्या प्रोग्राममध्ये रूपांतर करून मग इकडे आणा. तेही मोफत आहे आणि तुमची केएमएल फाइलही त्यात उघडते. आणि जमिनीच्या हद्दीचा वाद असेल तर एक-चौदाचा उतारा (गोव्यातला जमिनीच्या नोंदीचा उतारा) आणि भूमापन खात्याचा नकाशा घ्या. गूगल अर्थवरची रेघ तिथे चालणार नाही.

काही गोष्टी काढून टाकलेल्या आहेत

गावोगावच्या लोकांनी चढवलेले फोटो दाखवणारा पॅनोरामिओचा थर शोधत असाल तर तो आता मिळणार नाही. ती सेवा २०१६ मध्ये बंद झाली आणि पुढे थरही काढला गेला. वेबपानात गोल बसवणारा जुना प्लगइनही २०१७ मध्ये बंद पडला. शाळेच्या संकेतस्थळावर त्याची रिकामी चौकट दिसत असेल तर ती दुरुस्त होणारी नाही, काढून टाका. उलट ब्राउझरमधल्या गूगल अर्थमध्ये २०२४ पासून जुनी चित्रंही बघता येतात. तिथले प्रकल्प ड्राइव्हवर जतन होतात, त्यामुळे घरची वीज गेल्यानं ते जात नाहीत. गटात वाटायला आणि ग्रामसभेत दाखवायला मी तेच सुचवतो. पण बारीक नोंदी, रेघा आणि फोल्डरांचं काम मात्र डेस्कटॉपवरच नीट होतं, आणि फाइल आपल्या हातात राहते.

फोटोंच्या जागी लाल फुली

वर्णनात घातलेले मानशींचे फोटो किंवा वर पसरलेला नकाशा तुमच्या यंत्रावर दिसतो आणि दुसऱ्याच्या यंत्रावर लाल फुली येते. केएमएल फाइलीत फोटो नसतो, फोटोचा पत्ता असतो. तो पत्ता तुमच्या डी ड्राइव्हचा असेल तर दुसऱ्याकडे तिथे काहीच नाही. फोल्डर केएमझेड म्हणून जतन केला की यंत्रावरचे फोटो त्या गठ्ठ्यातच बांधले जातात. खात्रीसाठी त्या केएमझेडच्या नकलेचं शेवटचं नाव बदलून ‘झिप’ करा आणि उघडा. आत ‘फाइल्स’ नावाच्या फोल्डरात फोटो दिसले पाहिजेत. दिसले नाहीत तर पेनड्राइव्हवरचे फोटो आधी यंत्रावर उतरवा, वर्णनातला पत्ता नवा करा आणि पुन्हा जतन करा. फोटो बाहेर काढून टाकायचे असतील तर ही खात्री झाल्यावरच टाका.